इन्सुलिनचे पेन आधी क्लबच्या डॉक्टरांना दाखवा

वाचकाचे पत्र

आम्ही मूळचे सातारचे, पण गेली बावीस वर्षे इंग्लंडमध्ये, वेस्ट यॉर्कशायरमध्ये राहतो. आमचा धाकटा मुलगा 20 वर्षांचा आहे. तो शाळेपासून रग्बी लीग खेळतो आणि गेल्या वर्षी त्याला एका क्लबने पहिला व्यावसायिक करार दिला. तो सेकंड-रोमध्ये, म्हणजे धडका देणाऱ्या-घेणाऱ्या खेळाडूंत, खेळतो. हंगाम संपल्यावरच्या सुट्टीत त्याचे वजन आठ किलोंनी उतरले, सारखी तहान लागे, रात्री चार-चार वेळा उठावे लागे. तपासणीत टाइप 1 मधुमेह निघाला. सहा आठवड्यांपासून तो दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेतो आहे. क्लबला आम्ही अजून काही सांगितलेले नाही. पोट बिघडल्याचे कारण देऊन तो सराव चुकवतो. करार याच हंगामाअखेर संपतो, म्हणून तोवर गप्प राहावे असे मला वाटते. यांचे म्हणणे आहे की खेळ सोडून द्यावा आणि पदवी पूर्ण करावी. सासूबाई सातारहून रोज फोन करतात, कारल्याचा रस सुरू करायला सांगतात आणि इन्सुलिन एकदा लागले की सुटत नाही, म्हणून आताच बंद करा असा आग्रह धरतात. मुलगा म्हणतो, मी खेळणारच. तो क्लबच्या दोन मुलांबरोबर भाड्याच्या घरात राहतो आणि मी इकडे रात्रभर जागी असते. लहानपणी मी त्याला फार गोडधोड घातले, त्याचे हे फळ आहे का?

एक आई

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न मी सर्वांत आधी घेते, कारण पत्रातले बाकी सगळे प्रश्न त्याच्या ओझ्याखाली दबलेले दिसतात. तुमच्या हातच्या लाडवांनी किंवा शिऱ्याने हा आजार झालेला नाही. टाइप 1 मधुमेहात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या नष्ट करत जाते. हे का सुरू होते याची पूर्ण उकल वैद्यकशास्त्राला अजून झालेली नाही, मात्र गोड खाण्याने ते सुरू होत नाही एवढे निश्चित आहे. आपल्या घरांमध्ये चाळिशी-पन्नाशीत दिसणारा मधुमेह हा टाइप 2, आणि दोघांचे नाव एक असल्यामुळे सासूबाईंच्या मनात गल्लत होणे स्वाभाविक आहे. तुमच्या मुलाचे शरीर इन्सुलिन बनवायचेच थांबत चालले आहे, त्यामुळे बाहेरून दिलेले इन्सुलिन हे त्याच्यासाठी अन्नपाण्याइतके आवश्यक आहे. ते बंद केले तर काही दिवसांतच रक्तात कीटोन नावाची आम्ले साचून जिवावर बेतू शकते.

येथे एक धोका आधीच सांगून ठेवते. इन्सुलिन सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत उरल्यासुरल्या पेशी पुन्हा थोड्या जोमाने काम करू लागतात आणि इन्सुलिनची गरज बरीच कमी होऊ शकते. अशा वेळी घरात कारल्याचा रस चालू असेल तर सारे श्रेय त्या रसाला जाईल, ‘बघा, उतरले की नाही’ असे फोन येतील, आणि कोणीतरी मुलाला पेन बाजूला ठेवायला सांगेल. हा काळ तात्पुरता असतो. सासूबाईंना दुखवण्याचे कारण नाही. कारल्याची भाजी जेवणात जरूर असू द्या, पण इन्सुलिनच्या मात्रेत फेरफार करायचा तो केवळ त्याच्या मधुमेहतज्ज्ञांनी आणि त्याने मिळून. जाता जाता एक लहानशी गोष्ट: तिकडे साखर वेगळ्या एककात मोजतात. मुलाने आजीला ‘9 आली’ असे सांगितले तर साताऱ्यात घबराट उडणार. त्या आकड्याला 18 ने गुणले की आपल्याकडचा आकडा मिळतो, म्हणजे 9 हे आपल्या हिशेबाने 162. पुढचे आकडे मी तिकडच्याच एककात देते.

आता मुख्य विषय. क्लबला कळवायचे की नाही, याबाबत माझे मत स्पष्ट आहे: याच आठवड्यात कळवा. मधुमेहामुळे त्याचा खेळ संपण्याची शक्यता मला फार थोडी दिसते. मधुमेह लपवल्यामुळे तो संपण्याची शक्यता मात्र खरी आहे, आणि तिची कारणे तुम्हाला नीट कळायला हवीत.

पहिले कारण इन्सुलिन स्वतःच. जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या यादीत इन्सुलिन हे प्रतिबंधित द्रव्य आहे, आणि ते फक्त सामन्याच्या दिवशी नव्हे तर बाराही महिने प्रतिबंधित आहे. इन्सुलिन स्नायूंच्या वाढीला हातभार लावते, म्हणून निरोगी खेळाडूंनी त्याचा गैरवापर करू नये यासाठी हा नियम आहे. ज्याला आजारासाठी ते घ्यावेच लागते त्याला वैद्यकीय कारणासाठीची लेखी सवलत मिळते, तिला तिकडे टीयूई म्हणतात. टाइप 1 मधुमेहाचे निदान कागदोपत्री पक्के असेल तर ही सवलत मिळण्यात सहसा अडचण येत नाही. पण ती मागावी लागते, तिच्यासाठी डॉक्टरांनी निदान, तपासण्यांचे अहवाल, इन्सुलिनचा प्रकार आणि मात्रा हे सारे लिहून द्यावे लागते. तातडीने उपचार सुरू करावे लागले तर मागाहून अर्ज करण्याची सोय नियमात आहे, आणि तुमच्या मुलाची गोष्ट त्यात बसण्यासारखी आहे. मात्र निदानानंतर महिनोन्‌महिने गप्प राहिलेल्या खेळाडूने ‘तातडी होती’ असे म्हटले तर ते कोणाला पटणार? आपल्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, असे ते नियम आहेत. पोट बिघडल्याचे निमित्त सांगून घरी राहिलेल्या मुलाच्या दारात उद्या चाचणीसाठी माणूस उभा राहिला, तर एका प्रामाणिक आजाराची गोष्ट उत्तेजकांच्या प्रकरणात बदलेल. करार वाचवण्यासाठी तुम्ही जे मौन पाळता आहात, त्यानेच करार जाण्याची वेळ येऊ शकते.

दुसरे कारण मला त्याहून अधिक काळजीचे वाटते. इतर वाचकांसाठी सांगते की रग्बी लीगमध्ये मैदानावर प्रत्येक संघाचे तेरा खेळाडू असतात, चेंडू असलेल्या संघाला सहा टॅकल होईपर्यंत, म्हणजे सहा वेळा अडवले जाईपर्यंत, आक्रमण करता येते, आणि 40 मिनिटांचे दोन डाव होतात. सेकंड-रोचा खेळाडू एका सामन्यात कित्येक वेळा समोरून धावत येणाऱ्या शंभर किलोच्या माणसाला खांद्याने अडवतो. अशा खेळात डोक्याला मार लागणे नवीन नाही, आणि तशी शंका आली की खेळाडूला बाहेर घेऊन त्याची तपासणी होते. आता लक्षणे पाहा: बोलण्यात गोंधळ, पावलांचा तोल जाणे, प्रश्नाला उशिरा उत्तर देणे, उगाच चिडणे, नजर शून्यात लागणे. ही डोक्याच्या दुखापतीची लक्षणे आहेत आणि रक्तातली साखर एकदम घसरल्याचीही हीच आहेत. मैदानालगत उभ्या असलेल्या डॉक्टरांना मधुमेहाची कल्पना असेल तर ते दहा सेकंदांत बोटाला सुई टोचून साखर पाहतील आणि दुखापतीची तपासणीही करतील, कारण साखर कमी निघाली म्हणून मेंदूला मार बसलेला नाही असे ठरत नाही, दोन्ही एकाच वेळी असू शकते. त्यांना काहीच माहीत नसेल तर साखर 2.5 वर आलेला मुलगा तपासणीच्या खोलीत बसून डोक्याच्या चाचणीतली शब्दांची यादी आठवत राहील, आणि जी साखर त्याच्या तोंडात तत्काळ जायला हवी ती जाणार नाही. केवळ या एका कारणासाठी मी तुम्हाला कळवायला सांगितले असते.

आणि खेळाच्या दृष्टीनेही प्रशिक्षकांना हे कळण्यात मुलाचाच लाभ आहे. रग्बी लीगमध्ये खेळाडू बदलून पुन्हा आत घेता येतो. पहिल्या डावाच्या पंचविसाव्या मिनिटाला त्याला चार मिनिटे बाहेर घ्यायचे, साखर पाहायची, ग्लुकोजचे जेल द्यायचे आणि परत आत सोडायचे, अशी योजना आधी आखता येते. न सांगता हे करायचे म्हटले तर त्याला लंगडण्याचे नाटक करावे लागेल.

सामन्याच्या दिवशी शरीरात काय घडते तेही तुम्हा सर्वांना ठाऊक असावे, कारण पहिल्या काही सामन्यांत यावरूनच घरात गोंधळ होतो. लांब, एका लयीतले धावणे साखर उतरवते. पण सामन्यापूर्वीचा ताण, कपडे बदलण्याच्या खोलीतले वातावरण आणि मैदानावरची छोटी, जीव तोडून केलेली धाव यांनी अंगात अ‍ॅड्रेनलिन उसळते, आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. त्यामुळे घरून निघताना 8 असलेली साखर सामना सुरू होण्याच्या वेळी 14 दिसू शकते. नवख्या खेळाडूला वाटते की इन्सुलिन कमी पडले, आणि तो पूर्ण मात्रा टोचून घेतो. ती मात्रा, दमलेले स्नायू आणि ओसरलेला ताण हे तिन्ही नंतर एकत्र येतात. दमलेले स्नायू आपला रिकामा झालेला साठा भरण्यासाठी पुढचे कितीतरी तास रक्तातून साखर ओढत राहतात, म्हणून खरा धोका पहाटे दोन-तीनच्या सुमाराला, गाढ झोपेत असतो. सामन्यानंतर मित्रांबरोबर बिअर घेतली असेल तर तो आणखी वाढतो, कारण दारू पचवण्यात गुंतलेले यकृत अडीनडीला साखर सोडण्याचे काम नीट करत नाही. मी त्याला पिऊ नकोस असा उपदेश करणार नाही, तो तुम्ही केला असेलच. पण पोटभर जेवणाबरोबरच प्यावे, झोपण्यापूर्वी साखर पाहावी, आणि त्या रात्रीच्या इन्सुलिनबद्दल तज्ज्ञांकडून आधीच लेखी सूचना घेऊन ठेवाव्यात.

खेळायला उतरताना साखर साधारण 7 ते 10 च्या दरम्यान असावी असे मार्गदर्शन असते. साखर खूप वाढलेली असेल तर कीटोन तपासावेत, आणि ते 1.5 किंवा त्याहून अधिक असतील तर त्या दिवशी सराव नाही, मग प्रशिक्षक काहीही म्हणोत. आदल्या चोवीस तासांत साखर इतकी घसरली असेल की दुसऱ्याची मदत घ्यावी लागली, तर तेव्हाही मैदानावर उतरायचे नाही.

यंत्रावरचा आकडाही डोळे मिटून खरा मानू नये. आमच्या बाह्यरुग्ण विभागात काही वर्षांपूर्वी कबड्डी खेळणारा एक मुलगा आला होता. सराव करून घामाघूम होऊन आलेला, हात थरथरत होते, ओठ पांढरे पडले होते. नर्सने बोटातून थेंब काढला, यंत्राने आपल्याकडच्या एककात 331 दाखवले, आणि त्याच्या वडिलांनी पिशवीतून इन्सुलिन काढले. माझे लक्ष त्याच्या उजव्या तळहाताकडे गेले. त्यावर पांढरट, चिकट थर होता. येताना वाटेत त्याने ग्लुकोजची पूड तळहातावर घेऊन चाटली होती. साबणाने हात धुवून, कोरडे करून पुन्हा थेंब घेतला तेव्हा आकडा आला 64. वडिलांचा हात क्षणभर आधी पुढे गेला असता तर काय झाले असते हे मी अजूनही विसरलेले नाही. तुमच्या मुलाच्या बोटांना मध्यंतरात जेल आणि चिखल दोन्ही लागलेले असेल. आधी बोट धुवायचे, पुसायचे, मग टोचायचे, हे क्लबच्या फिजिओलाही सांगून ठेवावे. दंडावर लावायचा, साखर सतत मोजणारा सेन्सर अतिशय उपयोगी आहे, आणि टाइप 1 असलेल्या सर्व प्रौढांना तो द्यावा अशी तिकडची 2022 पासूनची अधिकृत शिफारस आहे. पण त्याचा आकडा रक्तातल्या साखरेच्या काही मिनिटे मागे असतो, त्या अंगावर झोपले की तो खोटी घसरण दाखवू शकतो, आणि टॅकलमध्ये तो उपटून निघू शकतो. तो कोठे लावावा, वर कोणती पट्टी बांधावी आणि सामन्यात ठेवावा की काढावा, हे क्लबच्या डॉक्टरांनी सामनाधिकाऱ्यांशी बोलून ठरवायचे असते.

यजमानांच्या म्हणण्याकडे येते. मधुमेह झाला म्हणून खेळ सोड, असे ते म्हणत असतील तर त्यांच्यासमोर काही नावे ठेवा. ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह रेनुफ हा याच खेळातला, रग्बी लीगमधला, त्या काळातला अव्वल सेंटर. 1993 मध्ये त्याला टाइप 1 मधुमेह झाल्याचे निदान झाले. त्यानंतर तो वर्षानुवर्षे ब्रिस्बेन ब्राँकोजकडून खेळला, 1997 च्या सुपर लीगच्या अंतिम सामन्यात त्याने तीन ट्राय केल्या (ट्राय म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवणे), त्या क्लबसाठीच्या त्याच्या एकूण ट्राय 142 झाल्या, आणि पुढे इंग्लंडमध्ये विगनकडूनही तो खेळला. तेव्हा दंडावरचे सेन्सर नव्हते. ऑस्ट्रेलियातल्याच मॅन्ली क्लबचा ब्रेट स्टुअर्ट टाइप 1 मधुमेह घेऊनच फुलबॅक म्हणून खेळला आणि 2008 व 2011 अशी दोन विजेतेपदे त्याच्या संघाने त्याच्यासह जिंकली. रग्बी युनियनमध्ये इंग्लंडच्या हेन्री स्लेडला 18 व्या वर्षी हेच निदान झाले होते. आणि यजमान क्रिकेटवेडे असतील तर वसीम अक्रमचे नाव पुरेल: 1997 मध्ये निदान झाले, आणि 2003 च्या विश्वचषकात त्याने एकदिवसीय सामन्यांतला 500 वा बळी घेतला.

पदवी पूर्ण कर, हे त्यांचे म्हणणे मात्र मला पूर्ण पटते, पण त्याचे कारण मधुमेह नव्हे. वीस वर्षांच्या कोणत्याही रग्बी लीग खेळाडूचे भवितव्य गुडघ्याच्या एका सांध्यावर किंवा खांद्याच्या एका स्नायुबंधावर अवलंबून असते. शिक्षण चालू ठेवण्याचा सल्ला त्याच्या निरोगी सहकाऱ्यांनाही मी दिला असता. दोन गोष्टी एकमेकींत अडकवू नका, नाहीतर मुलगा शिक्षणाकडे शिक्षा म्हणून पाहू लागेल.

कराराबद्दल मी खोटा दिलासा देणार नाही. ब्रिटनमध्ये 2010 चा समानता कायदा आहे, आणि उपचार नसते तर काय झाले असते या निकषावर टाइप 1 मधुमेहाला त्या कायद्याचे संरक्षण सहसा मिळते. केवळ मधुमेह आहे म्हणून क्लब त्याला काढून टाकू शकत नाही, आणि साखर तपासायला वेळ देणे, जेवणाच्या वेळा सांभाळणे अशा वाजवी सोयी क्लबने करून द्यायला हव्यात. पण खेळात मागे पडला असे ठरवून करार न वाढवण्याची मोकळीक क्लबला असतेच. आठ किलो वजन, त्यातही स्नायू गेलेले, ही सेकंड-रोच्या खेळाडूसाठी मोठी तूट आहे, ती भरून यायला काही महिने लागतील. क्लबला कारण माहीत असेल तर त्या महिन्यांकडे आजारातून सावरण्याचा काळ म्हणून पाहिले जाईल. माहीत नसेल तर मुलगा ढिला पडला, सराव टाळतो, असे मानले जाईल. हंगामाअखेरच्या बैठकीत यांपैकी कोणती गोष्ट टेबलावर असावी, ते तुम्हीच ठरवा.

गाडीचेही पाहा, कारण पत्रात त्याचा उल्लेख नाही. तो सरावाला स्वतः गाडी चालवत जात असेल तर इन्सुलिन सुरू झाल्याचे तिकडच्या वाहन परवाना खात्याला, डीव्हीएलएला, कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. गाडी सुरू करण्यापूर्वीच्या दोन तासांत साखर पाहायची, लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी पाहायची, आणि 5 किंवा त्याहून कमी असेल तर आधी काही खायचे. 4 च्या खाली असेल तर गाडी चालवायची नाही, आणि साखर पूर्ववत झाल्यावरही 45 मिनिटे थांबायचे. सरावानंतर दमून घरी परतताना हे सर्वाधिक विसरले जाते.

तुमच्या जाग्या रात्रींसाठी माझा उपाय त्याच्या घरातल्या त्या दोन मुलांपासून सुरू होतो. त्यांना त्याने स्वतः सांगावे, साखर वाढवणारे तातडीचे औषध, ग्लुकागॉन, कोठे ठेवले आहे ते दाखवावे आणि ते कसे द्यायचे तेही शिकवावे. तो शुद्धीवर असून गोंधळलेला असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे गोळ्या किंवा जेल, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, ग्लुकागॉन द्यायचे आणि 999 या तातडीच्या क्रमांकाला फोन करायचा. सेन्सरची सूचना तुमच्या फोनवर येण्याची सोय असेल तर ती जरूर घ्या, पण किती आकड्याला तुम्ही फोन करायचा हे त्याच्याशी बोलून ठरवा आणि पाळा. दर तासाला आईचा फोन येऊ लागला की वीस वर्षांचा मुलगा सेन्सरच बंद करून ठेवतो, हे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

क्लबच्या डॉक्टरांची वेळ त्याने स्वतः मागावी. सोबत मधुमेह केंद्राचे पत्र, निदानाच्या वेळचे अहवाल, घेत असलेल्या प्रत्येक इन्सुलिनचे नाव व मात्रा, आणि गेल्या दोन आठवड्यांचे साखरेचे आकडे न्यावेत. पोटाच्या आजाराबद्दल खोटे बोललो, घाबरलो होतो, हे त्यानेच पहिल्या वाक्यात सांगून टाकावे. टीयूईचा अर्ज त्याच भेटीत भरायला घ्यावा, आणि त्याची पोच मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. तुम्ही त्याच्याबरोबर आत जाऊ नका. बाहेर गाडीत थांबायला मात्र हरकत नाही.